चाळीस अंशांचं पाणी

सकाळी सातला फोन आला तेव्हा फौजदार दिपालीचा चहाही झाला नव्हता. वडवणीच्या भगवानरावांच्या दिवाणखान्यात त्यांची आई तुळजाबाई मरून पडल्या होत्या. डोकं फुटलेलं, अंगाखाली लोकरीचा गालिचा, आणि गालिच्यावर तपकिरी डाग.

आदल्याच दिवशी त्या घरात भगवानरावांच्या मुलीचा, आरोहीचा साखरपुडा झाला होता. दारावरचं तोरण अजून सुकलंही नव्हतं. आई लहानपणीच गेली, तेव्हापासून आजीनंच तिला वाढवलेलं. पोरीचं रडणं कानांना सोसत नव्हतं.

भगवानरावांनी गुन्हेगारही सांगून टाकला. "त्यो नेकनूरचा बद्रीनाथ. मशिनीनं गालिचे धुतो. काल पाहुणे गेल्यावर आलता, पाचच्या पुढं. एकटाच हुता हितं. आई काहीतरी बोलली आसंल, त्यानं मशिनीचा पाइप घातला डोक्यात."

दुपारपर्यंत सगळी वडवणी तेच म्हणू लागली. गरिबावर आळ घ्यायला कुणाचं काय जातं? बद्रीनाथ ठाण्यातल्या बाकावर आणि त्याची बायको केसरबाई दाराशी, पदराचा बोळा तोंडाशी धरून.

"म्हातारीला पाहिलंस?" दिपालीनं विचारलं.

"न्हाई मॅडम. आईला ताप हाय, झोपलीय, म्हणले मालक."

"डाग कशाचा होता?"

"चहा सांडला म्हणले. पण त्यो चहा नव्हता. गार पाणी मारलं, साबण लावला, निघंना."

"गार का? मशिनीत गरम पाणी होतं की."

बद्रीनाथनं पहिल्यांदाच मान वर केली. कामाचं बोलणं निघालं तसा त्याचा आवाज सरळ झाला.

"लोकर हाय ती. चाळीस अंशाच्या वर पाणी गेलं की आकसती, गोळा हुती. आन् डाग रक्ताचा वाटला तर कोमटबी न्हाई लावायचं. गरम पाण्यानं रक्त शिजतं मॅडम. मग जन्मात निघत न्हाई."

"रक्त वाटलं, तर बोलला का नाहीस?"

"शुभकार्याचं घर. कापलं आसंल कुणाचं बोट. मी कोण इचारणारा?"

दिपाली पुन्हा दिवाणखान्यात गेली, गालिच्यावर गुडघे टेकून बसली. सगळी लोकर मऊ होती, फक्त डागापाशी तळहाताएवढा भाग घोंगड्यासारखा घट्ट झाला होता. तिनं बद्रीनाथची जप्त केलेली मशीन लावून उष्णतेचा काटा शेवटपर्यंत फिरवला. जुनी मशीन, पाणी कोमटच; हात सहज धरवत होता.

परसात तांब्याचा बंब होता.

"काल बंब किती वेळा पेटवला?" तिनं आरोहीला विचारलं.

"पहाटे अंघोळीला. मग दहाच्या सुमाराला परत. पप्पांनी स्वतः पेटवला, नव्या धोतरात. मी हसले पण त्यांना."

दिपालीनं बीडला शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना फोन लावून एकच गोष्ट विचारली. उत्तर ऐकल्यावर ती बराच वेळ पायरीवर बसून राहिली. मग तिनं ठाण्यात फोन करून बद्रीनाथला सोडायला सांगितलं आणि भगवानरावांसमोर येऊन उभी राहिली.

"ज्याला रक्ताचा डाग काढता येतो, त्याच्या हातून हा डाग राहिला नसता," ती म्हणाली. "बद्रीनाथनं गार पाण्यानं चुटकीसरशी काढला असता. यावर उकळतं पाणी ओतलंय, घासलंय. त्याच्या मशिनीतून उकळतं पाणी येत नाही, तुमच्या बंबातून येतं. बंब तुम्ही सकाळी दहाला पेटवला. म्हणजे तो यायच्या सात तास आधी इथं रक्त सांडलं होतं. कुणाचं, भगवानराव?"

ते डागाकडे बघत बोलू लागले.

"म्या मारलं न्हाई आईला. गालिच्याला पाय अडकून दिवाणाच्या कोपऱ्यावर पडली. हात धरून बघितला, गार लागला. अकराला पाहुणे येणार हुते. सुतक लागलं आसतं, वरीसभर कार्य न्हाई. सोयरीक आधीच एकदा मोडता मोडता ऱ्हायलेली. आईचाच जीव अडकला हुता त्या कार्यात."

"मग?"

"तिच्या खोलीत निजवलं, कडी लावली. डागावर सतरंजी टाकली, आन् आईला ताप हाय म्हणून समद्यांना सांगितलं. पुन्यांदा दार उघडायचा धीर झाला न्हाई. समदे निजल्यावर हितं आणून ठिवलं."

"आणि बद्रीनाथला फासावर चढवायला निघालात."

भगवानरावांच्या डोळ्यांना धार लागली. दिपालीलाही पुढचं बोलणं जिवावर आलं होतं, पण ते लपवणं तिच्या हातात नव्हतं.

"सुतक लागलंच नव्हतं. डॉक्टर म्हणतात, जखम सकाळची, पण तुळजाबाई संध्याकाळपर्यंत जिवंत होत्या. बेशुद्ध होत्या. दवाखान्यात नेलं असतं तर वाचल्याही असत्या."

दारात आरोही कधीची उभी होती, कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"पप्पा," ती म्हणाली, "मला अंगठी घालत होते तेव्हा आजी पलीकडच्या खोलीत जिवंत होती?"