भेगाळलेले हात

तिसऱ्या बाळाच्या रक्तात तोच जंतू सापडल्याचं कळलं, तेव्हा रुचा सिंकपाशी कोपरापर्यंत हात घासत होती. नेहमीच्या अँटिबायोटिक्सना अजिबात दाद न देणारा जंतू. अमेरिकेतल्या कॅरी गावच्या त्या हॉस्पिटलात, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, तिचा नुकता जन्मलेला वेद काचेच्या पेटीत होता. अजून सुखरूप.

अजून. याच शब्दावर ती झोपायची, उठायची.

संसर्गाचा छडा लावायचं काम डॉक्टर नरेंद्र यांच्याकडे होतं. मराठी मंडळातले नरेंद्रकाका, निवृत्तीला टेकलेले. त्यांनी नळ, सलाइन, पंप सगळं तपासून पाहिलं. काही सापडलं नाही. मग संशय वेदच्या नर्सवर, कॅरलवर गेला. हात धुऊन धुऊन तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. भेगांत जंतू घर करतात. तिला कामावरून बाजूला करून वेदला डीना नावाच्या दुसऱ्या नर्सकडे द्यायचं ठरत होतं.

रुचाला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. बाळंतपणासाठी नागपूरहून आलेली तिची आई नर्सेसना रोज काहीबाही द्यायची. लाडू कॅरल आवडीनं खायची. अत्तर, उदबत्ती म्हटलं की हात जोडायची. वासानं तिला शिंका येत.

"काका, आजारी पडलेली बाळं कॅरलकडे होती?"

"एकही नाही. पण नर्सेस एकमेकींच्या बाळांना हात लावतातच गं."

"मग कॅरलची स्वतःची बाळं कशी ठणठणीत?"

काका चष्मा पुसत राहिले.

"ती तिघं कोणाकडे होती?"

"डीना आणि तिच्या मैत्रिणीकडे. त्यांचे हात बघितलेत मी. एक भेग नाही."

दिवसभर खुर्चीत बसून रुचा दुसरं काय करणार, हातच बघायची. थंडी सुरू झाली तेव्हा डीनाचे हातही फुटलेले होते. आता मऊ. आणि काल ती शेजारच्या बाळाची नळी बदलत असताना रुचाला माहेरचा वास आला होता.

"हात धुतल्यावर त्या काय लावतात?"

"हॉस्पिटलचं लोशन. तपासलंय."

"हात धुतल्यावर डीना टॉवेलच्या कपाटात हात घालते. तिथं बघा, काका."

टॉवेलांमागे एक बाटली निघाली. गुलाबपाणी आणि ग्लिसरीन. लॅबचा रिपोर्ट आला. तोच जंतू.

काकांनी स्टाफला समजावलं ते थकलेल्या आवाजात. पहिलं बाळ दुसऱ्या हॉस्पिटलातून जंतू घेऊनच आलेलं. त्याला हाताळलेलं कुणाचं तरी बोट बाटलीच्या तोंडाला लागलं. घरच्या मिश्रणात जंतू मारणारं काही नसतं, तिथं तो पोसला. मग नर्सेस हात स्वच्छ धुवायच्या आणि वरून तोच जंतू चोळून घ्यायच्या. कॅरलनं बाटलीला हात लावला नाही. म्हणून तिच्या भेगा राहिल्या आणि तिची बाळं वाचली.

"बाटली आणली कोणी?" काकांनी रुचाला एकटीला गाठून विचारलं.

"माझ्या आईनं."

घरी आई ओट्यापाशी दुसरी बाटली भरत होती. रुचानं सगळं सांगितलं. आईनं हातातली बाटली ओट्यावर ठेवली.

"ती बाळं?"

"दोघं सुधारताहेत. तिसऱ्याचं आत्ताच सांगता येत नाही म्हणाले."

"त्या पोरींचे हात बघवेनात गं मला," आई म्हणाली.

तिनं बाटली सिंकमध्ये ओतली आणि साबण घेतला. घासत राहिली, घासत राहिली. शेवटी रुचानंच नळ बंद केला.