कॉलरमधलं दार

खरं सांगतो, हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. एक तर गोष्ट माझी नाही, माझ्या मैत्रिणीच्या पणजीच्या थोरल्या बहिणीची. दुसरं म्हणजे, प्रेमाच्या गोष्टीत शेवटी दोघं भेटावीत असं मलाही वाटतं. पण डोक्यातून जाईना. तर घ्या.

घरात एक धाकटी होती, म्हणून हिला सगळे थोरलीच म्हणायचे. वय एकोणीस. काम लॉन्ड्रीत.

एका सकाळी लॉन्ड्रीच्या मागच्या दारात घोडागाडी उभी राहिली, आणि वरचं हॉटेलच्या चादरींचं गाठोडं घसरलं ते थेट थोरलीच्या अंगावर.

“अरे देवा! बाई... लागलं का?”

चादरींच्या आतून आवाज आला, “मेले नाही अजून. आधी हे उचला, मग चौकशी करा.”

गाडीवाला नवा होता. तिला ओढून काढताना त्याचाच पाय घसरला, आणि गडी साबणाच्या पाण्याच्या गटारात बसला. उठला तेव्हा कोट कोरडा खांद्यावर, आणि सदऱ्याची पाठ काळीकुट्ट. थोरलीला हसू आवरेना.

“हसा, हसा. एकुलता एक सदरा आहे माझा.”

“मग कोट घाला आणि तो द्या इकडे. खूण काय तुमची?”

“कसली खूण?”

थोरलीचं काम तेच होतं. गावभरातून कपडे यायचे आणि प्रत्येक घराची एक खूण ठरलेली – कॉलरच्या आत लाल दोऱ्याचे दोन-चार टाके. एका घराची एकच खूण. खुणेशिवाय कपडा टाकीत जायचा नाही, आणि धुतल्यावर खुणेप्रमाणेच गठ्ठे लागायचे. थोरलीला अक्षर यायचं नाही, पण कापड वाचता यायचं. कुणाकडे बाळ झालं, कोण वाळत चाललंय, सगळं तिला कळायचं.

“मला घरच नाही,” गाडीवाला म्हणाला. “घोड्याशेजारी झोपतो. घोड्याची खूण चालेल?”

“घोड्याला सदरा लागत नाही.”

तेवढ्यात मुकादमबाई ओरडली. घाईघाईत थोरलीच्या बोटांनी न बघता जी खूण येत होती तीच घातली. दोन उभे टाके, वर एक आडवा... दारासारखी. तिच्या स्वतःच्या घराची.

लॉन्ड्रीतल्या कामगारांचे घरचे कपडेही तिथेच धुतले जायचे, आणि शनिवारी त्यांचे गठ्ठे घरी जायचे. आईने गठ्ठा सोडला. बाप जाऊन सहा वर्षं झालेली, घरात तिघी बायका.

“हा बाप्याचा सदरा कुणाचा गं?”

थोरलीने कपाळावर हात मारला. आणि दार वाजलं. गळ्यापर्यंत कोटाची बटणं लावून गाडीवाला उभा.

“माझा सदरा तुमच्याकडे राहायला आलाय म्हणे.”

“सदरा आला. आता मागोमाग माणूसही?” आई म्हणाली. धाकटी पुस्तकाआड खुदखुदली.

खूण बदलायची म्हणजे दोन मिनिटांचं काम. थोरलीने बदलली नाही... आणि त्यानेही बदला म्हटलं नाही. दर शनिवारी तो सदरा न्यायला यायचा, उंबऱ्यावर टेकायचा.

“आज खूण बदलणार होतात ना?”

“दोरा संपलाय.”

“लॉन्ड्रीतला? सगळा?”

“तुम्हाला सदरा हवाय की भांडण?”

“दोन्ही द्या. घाई नाही.”

एकदा त्याची नजर तिच्या बोटांवर गेली. सोड्याने चिरा पडलेल्या. पुढच्या शनिवारी त्याने कोटातून डबी काढली.

“हे काय?”

“मलम. घोड्याच्या खुराला लावतो.”

“मी काय घोडी आहे?”

“घोडं तरी गुपचूप लावून घेतं.”

तिने हात पुढे केला. त्याने एकेका चिरेवर मलम लावलं.

पण घरात वेगळीच टांगती तलवार होती. धाकटी नर्सचं शिकत होती. तीन वर्षं लागणार, आणि तोवर तिघींचं पोट थोरलीच्या सुईवर. मुकादमबाई रोज म्हणायची, “धाकटीला पाठव की टाकीवर. जागा धरून ठेवलीय.” टाकी म्हणजे दिवसभर उकळती वाफ. आईची छाती त्याच वाफेने गेली होती. थोरलीने मनाशी गाठ बांधली होती – धाकटी त्या वाफेत उतरणार नाही.

मग घोडागाडीच्या जागी मोटार आली. घोडा विकला गेला, आणि घोड्यामागे गाडीवाल्याची नोकरी. त्याला लांब, धरणावर काम मिळालं. शेवटच्या शनिवारी तो उंबऱ्यावर बसला नाही.

“चल माझ्याबरोबर.” पहिल्यांदाच तो तिच्याशी एकेरीत बोलला.

“आणि ह्या दोघी?”

“तर थांब म्हण मला,” तो म्हणाला. “ एकदाच म्हण. किती वर्षं, ते विचारणार नाही.”

शब्द तिच्या ओठांवर आला होता, खरंच आला होता. पण तिला वाटलं, माणूस म्हणजे काय गाठोडं आहे, गाठ मारून कोपऱ्यात ठेवायला?

“मी कुणाला अडकवून ठेवत नाही,” ती म्हणाली. “सदरा जपा.”

त्याने कॉलर उलटून बघितली. “दार तर उघडंच ठेवलंयस.”

आणि गेला.

धरणावरच्या कामगारांचे कपडे महिन्यातून एकदा मालगाडीने ह्याच लॉन्ड्रीत यायचे. सगळ्यांवर छावणीचा शिक्का. एका सदऱ्यात तेवढं लाल दार. म्हणून तो खुणेप्रमाणे तिच्या घरच्या गठ्ठ्यात पडायचा, रविवारभर तिच्या खिळ्यावर लटकायचा, आणि सोमवारी ती तो छावणीच्या पोत्यात परत घालायची. ना चिठ्ठी, ना निरोप. पण ती वाचायची. कोपरं झिजली... दगड उचलतोय. कॉलर मळली नाही... आजारी होता की काय? खांदा फाटला, तिने रफू केलं. बटण त्याने स्वतः लावलेलं लगेच कळायचं – दोरा गरगर गुंडाळून वर गाठ, जणू घोडाच बांधलाय. त्या बटणावरून ती बोट फिरवत बसायची.

अशी अडीच वर्षं गेली. धाकटीची परीक्षा चार महिन्यांवर आली.

त्या महिन्याच्या सदऱ्याला दुसरं बटण नवं होतं. खाली दोऱ्याचे नीट वेढे, मागे लपवलेली गाठ... हे त्याच्या हातचं नव्हतं. खांद्यावरचं तिचं रफू उसवून कुणीतरी नवं घातलं होतं, तिच्याहून बारीक.

पोती घेऊन येणाऱ्या माणसाला तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

“गाडीवाला ना? झालं की लग्न त्याचं! चांगली बायको मिळाली. बरं झालं, फार एकटा असायचा बिचारा. एक सदरा जपत बसायचा.”

थोरली खिडकीपाशी जाऊन बसली. एका घराची एकच खूण, हा नियम तिनेच किती जणींना शिकवला होता. सुईच्या टोकाने तिने एकेक टाका उचलला. आधी आडवा, मग दोन उभे. सगळी कॉलर उन्हाने विटली होती, पण दोऱ्याखालचं कापड नवंकोरं राहिलं होतं. दार उसवलं तरी दाराची जागा तशीच दिसत होती.

“डोळ्यात काय गेलं गं?” मुकादमबाईने विचारलं.

“वाफ.”

“खिडकीपाशी कसली वाफ?” मुकादमबाईने तिच्याकडे पाहिलं... आणि तिच्या पुढ्यातला अर्धा ढीग मुकाट्याने उचलून नेला.

त्याच जागेवर थोरलीने नवी खूण घातली. दोन ठिपके, शेजारी शेजारी. सदरा त्या शनिवारी घरी आला नाही.

चार महिन्यांनी धाकटी पास झाली. तिच्या पहिल्या पांढऱ्या एप्रनच्या गळ्यात थोरलीने लाल दार शिवलं. आई हसत होती आणि रडत होती. टाकीवरची ती जागा त्यांच्या घरातल्या कुणीच, कधीच भरली नाही. थोरलीने लग्न केलं नाही.

हे सगळं मैत्रिणीने मला बसस्टँडवर सांगितलं. तीही नर्स, लांबच्या गावी नोकरीला निघालेली. बस सुटताना तिने विचारलं, “तिच्या जागी तू असतास तर म्हणाला असतास का रे, थांब?” मी म्हटलं, “बॅग नीट धर.”

बॅग नीट धर! एवढंच सुचलं मला.

तर हे लेखी देतो तुला. मनातलं मी कॉलरच्या आत शिवून ठेवणार नाही. तू सुट्टीवर येशील, तेव्हा त्याच बसस्टँडवर, चारचौघांत, तोंडाने सांगेन. वचन.