उद्याच्या तारखेचा फ्लेक्स

सरका जरा, मला पण शेकू द्या. इंद्रायणीवरनं वारं आलं की मोशीतली थंडी हाडात शिरते.

प्रज्वल, संध्याकाळी तू उद्धवला गावाकडं फोन लावलास ते काही बरं केलं नाहीस. मागच्या गल्लीतले आजोबा वारले, चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावायचा होता, आणि तू इथं नवा, तुला कुणीतरी सांगितलं की असलं सगळं उद्धवराव बघतात. बघायचा. आता बघत नाही. त्यानं फोन ठेवून दिला म्हणून तू तोंड पाडून बसलायस. "काय उद्धट माणूस आहे राव," असं मगाशी म्हणालास ना? उद्धट नाही रे. त्याला लाज वाटते. फ्लेक्स म्हटलं की आजही त्याचे कान लाल होतात.

मला त्यानं सांगितलं तेव्हा "कुणाजवळ बोलू नकोस" म्हणाला होता. आता माझ्या पोटात काही राहत नाही, हे अख्ख्या गल्लीला माहीत. त्यालाही माहीत. तरी सांगितलं, म्हणजे त्याला ते एकट्याला पेलवत नव्हतं. पिंकी, तो मोबाइल ठेव खाली. ऐकायचं तर नीट ऐका.

गेल्या वर्षीची गोष्ट. तुळशीचं लग्न झालं, त्याच्यानंतरचा शनिवार.

उद्धव मूळचा धाराशिवकडचा. चाकणच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर लागला, तेव्हा त्याला इथं कुणी खोली देईना. एकटा पोरगा, कुठला कोण, नको बाबा. या वरच्या मजल्यावरच्या गोजाबाई म्हणाल्या, "एकला हाय म्हणून तर द्यायची." याच बिल्डिंगच्या जागी तेव्हा त्यांचं बैठं घर होतं. मागची खोली त्याला दिली. सेकंड शिफ्ट करून पोरगं मध्यरात्री यायचं, तर म्हातारी चुलीशेजारी भाकरी झाकून ठेवायची. तो त्यांना मावशी म्हणायला लागला तो तेव्हापासून.

पुढं त्याचं लग्न झालं, पोरंबाळं झाली, सुपरवायझर झाला. आणि गल्लीत त्याचं एक काम ठरून गेलं. कुणी गेलं की उद्धव. बांबू, मडकं, वैकुंठरथाला फोन, आळंदीच्या घाटावर दहाव्याचं ठरवणं, सगळं त्याच्याकडं. आणि फ्लेक्स! मयत घरातनं निघायच्या आत कोपऱ्यावर फ्लेक्स लागलाच पाहिजे, हा त्याचा हट्ट. चांगलं काम होतं, मी नाही म्हणत नाही. पण चांगल्या कामाचीही माणसाला चटक लागते. एकदा शेजारच्या गल्लीतल्या पोरांनी आपल्या माणसाचा फ्लेक्स आधी लावला, तर हा दोन दिवस माझ्याशी धड बोलला नव्हता. जसं काही मीच लावला.

तर त्या आठवड्यात गोजाबाईंना पिंपरीतल्या दवाखान्यात ठेवलेलं. छातीत पाणी झालं होतं. श्वासाच्या मशीनवर होत्या, शुद्ध नव्हती. शनिवारी दिवस मावळताना त्यांच्या मुलाचा, ज्ञानेशचा, उद्धवला फोन आला. "काका, डॉक्टर म्हणतात, आजची रात्र निघणं अवघड आहे. पाहुण्यांना कळवून ठेवा."

उद्धव रडला. खरं रडला, मी समोर होतो. मग डोळे पुसले आणि म्हणाला, "उद्या रविवार. फ्लेक्सवाला बंद असतो."

आणि स्कूटर काढून चाकणला गेला.

फ्लेक्सवाला पोरगा ओळखीचा. त्यानं कॉम्प्युटरवर झेंडूचं तोरण घेतलं, समई घेतली, मधे गोजाबाईंचा फोटो बसवला. ज्ञानेशच्या लग्नातला, हिरव्या लुगड्यातला. खाली "शोकाकुल" म्हणून नावं. पहिलं नाव उद्धवचं, शेजारी त्याचा फोटो. पोराकडं त्याचा एकच फोटो होता, गणपतीच्या बॅनरचा. गॉगल घातलेला.

"काका, गॉगल राहू दे?"

"राहू दे आता, घाई आहे."

"तारीख काय टाकू?"

"उद्याची टाक."

पोरानं मान वर केली. "काका... गेल्या का?"

"जातील," उद्धव म्हणाला.

हसू नका रे. तो मला हे सांगताना भिंतीकडं तोंड करून बसला होता.

"पण काका," हे पिंकी तू आत्ता विचारणारच होतीस, दिसतंय मला तोंडावर, "आजी तर वर आहेत! मगाशी त्यांनी मला लाडू दिला!" मी कुठं म्हणालो नाहीत म्हणून? ऐक तर.

येताना रस्त्यात कंटेनर बंद पडलेला, त्यामुळं गल्लीत पोचायला त्याला साडेअकरा झाले. सामसूम. सेकंड शिफ्टच्या बस अजून यायच्या होत्या. कोपऱ्यावर कुठल्यातरी दादांच्या वाढदिवसाचा बांबूचा सांगाडा रिकामाच उभा. उद्धवनं विचार केला, सकाळी गडबड होईल, आत्ताच बांधून ठेवू. गुंडाळून बांधायचा, खबर आली की नुसती सुतळी ओढायची. फ्लेक्स उघडा.

शिडी आणली. वर चढला. वरचे दोन्ही कोपरे घट्ट बांधले. खालून गुंडाळत आणला, मधे सुतळीची गाठ मारली. खाली उतरला.

वारा नव्हता. हे त्यानं मला दोनदा सांगितलं. अजिबात वारा नव्हता.

गाठ सुटली.

गुंडाळी खाली यायला लागली. धाडकन नाही. हळू... कुणी हातानं पातळ उलगडावं तशी.

समई दिसली. लुगडं दिसलं. शेवटी त्याचा स्वतःचा गॉगल.

आणि मागून आवाज आला.

"कोण गेलं रं?"

बंद दुकानाच्या कट्ट्यावर गोजाबाई बसल्या होत्या.

अंगात दवाखान्याचा तो हिरवा झगा. उभ्या जन्मात त्या नऊवारीशिवाय कुणाला दिसल्या नव्हत्या. एका हातानं झगा मागून आवळून धरलेला. दुसरा हात डोक्यावर. पदर नव्हता ना... म्हणून हातानं डोकं झाकत होत्या. पुरुषमाणूस समोर आहे म्हणून.



"फोटू तर माझा दिसतोय," त्या म्हणाल्या. "काय लिवलंय? वाच की. मला कुठं वाचता येतंय."

तो सुतळी चाचपडायला लागला.

"वाच बाबा."

वाचलं त्यानं. "भावपूर्ण... श्रद्धांजली."

"कधी गेली मी?"

त्यानं तारखेवर हात ठेवला.

"उद्धवा. कधी?"

"उद्या, मावशी."

लांब हायवेवर एक ट्रक गेला. त्याचा आवाज पण संपला.

"उद्या," त्या म्हणाल्या. "मग आज मी कोन हाय?"

आता सांगा. आपण आहोत, हे आपल्याला तरी कशावरनं कळतं? कुणी हाक मारतं, कुणी जेवायला थांबतं, म्हणून आपण आहोत. मी दहावी नापास माणूस, मला यातलं फार कळत नाही. पण जो हाक मारायचा त्यानंच बांबूवर लिहून टांगलं, की हे माणूस नाही... मग ते माणूस कुणाच्या जिवावर आहे म्हणायचं?

उद्धवला वाटलं, त्या आता शिव्या देतील. द्याव्यात असं वाटलं. त्यांनी नाही दिल्या. त्या उलट ओशाळल्या. दुसऱ्याच्या दारात चुकीच्या वेळी गेल्यावर माणूस ओशाळतं तशा.

"चुकलंच माझं," त्या म्हणाल्या. "तू समदी तयारी केलीस. आन मी अजून हितंच. मला कुनी सांगितलंच न्हाई रं..."

तो शिडीकडं धावला. वर चढला, दातानं गाठी ओढायला लागला.

"ऱ्हाऊ दे," खालून आवाज. "उद्या परत लावाया लागंल. दोन-दोनदा कशाला तरास?"

एक कोपरा सुटला.

"उद्धवा, म्या जाऊ कुटं? दवाखान्यात जाऊ... का घाटावर? तू म्हनशील तसं."

दुसरा कोपरा सुटला. फ्लेक्स त्याच्या अंगावर पडला. डोक्यावरनं, तोंडावरनं. आत नुसता रंगाचा वास. अंधार. तो हातपाय झाडत कसाबसा खाली आला. फ्लेक्स बाजूला केला.

कट्टा रिकामा.

"मावशी..."

काही नाही.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. ज्ञानेश. उद्धवला वाटलं, झालं. घेऊच नये. वाजून वाजून बंद झाला. परत वाजला. घेतला.

"काका, जागे आहात? आईनं डोळे उघडले! आत्ता, पाच मिनिटं झाली. तोंडावरचा मास्क काढ म्हणाली. काहीतरी बडबडतेय हो, मला समजत नाही. तुम्हाला विचार म्हणाली."

"काय?"

"म्हणते, उद्धवला विचार, थांबलं तर चालंल का?"

उद्धव रस्त्यातच खाली बसला. फ्लेक्सवर. आणि फोनमध्ये ओरडला, "थांबा म्हणावं! थांबा! मी येतोय, थांबा म्हणावं!" माझी झोप त्या ओरडण्यानं मोडली. मी खिडकीत आलो, तर हा गॉगलवाल्या स्वतःच्याच तोंडावर बसून रडतोय. तेव्हा मला वाटलं, म्हातारी गेली.

गेली नाही. पंधरवड्यानं घरी आली. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधी कधी.

उद्धव दुसऱ्याच दिवशी माफी मागायला वर गेला. पाय धरले. गोजाबाई खाटेवर बसून लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, "कशाची रं माफी? काय केलंस तू?" त्यानं सगळं सांगितलं. त्या हसल्या. "म्या तर मशीनवर पडले हुते बाबा. कट्ट्यावर कशी येईन?" त्यांना काहीच आठवत नव्हतं. म्हणजे बघा, जिची माफी मागायची ती कट्ट्यावर बसलेली, आणि खाटेवर बसलेली ही म्हणते, ती मी नव्हेच. बिचाऱ्यानं कुणाचे पाय धरायचे? तेव्हापासून त्यानं फ्लेक्स, मयत, सगळं सोडलं. लोक म्हणतात माज आला. म्हणू दे.

इथंच संपलं असतं, तर मी त्याला म्हणालो असतो, अरे उपाशी होतास, भास झाला, सोड.

पण गेल्या पावसाळ्याआधी ज्ञानेशनं जिन्यात ते नवे दिवे बसवले. बटण नसतं, माणूस आलं की आपोआप लागतात. आपल्याला लागतात. मांजर गेली तरी लागतात. परवा वाऱ्यानं पिशवी उडाली, त्याला पण लागला.

गोजाबाईंना लागत नाहीत.

ज्ञानेशनं दोनदा इलेक्ट्रिशियन आणला. दुसऱ्या कंपनीचे बसवले. म्हातारीनं खालून वरपर्यंत जिना चढून दाखवला, काळोखात. तिच्या मागनं इलेक्ट्रिशियन चढला, तर लख्ख. तो पोरगा सामान उचलून गेला, पुन्हा आला नाही. गोजाबाई म्हणाल्या, "मी बारीक झालेय ना, म्हणून दिसत नसंन त्याला."

रोज रात्री त्या गेटची कडी लावायला खाली येतात, ही त्यांची जुनी सवय. आणि रोज त्या वेळेला उद्धव घरातनं निघतो, वर जातो, आणि त्यांच्या पुढं पुढं उतरतो. बोलत नाही काही. तो पुढं, म्हणून दिवा लागतो. मागं त्या. गल्लीतली पोरं त्याला हसतात, म्हातारीचा पट्टेवाला म्हणतात. तूही म्हणतोस प्रज्वल, मी ऐकलंय.

आज तो भाचीच्या साखरपुड्याला गेलाय.

थांबा. बोलू नका जरा.

ऐकू येतंय? चपला... वरच्या मजल्यावर.

वरचा दिवा लागला नाही.

मधला...

नाही.

पिंकी, ऊठ गं बाई. पळ वर. काही विचारू नकोस त्यांना, काही सांगू नकोस. नुसती त्यांच्या पुढं चाल.