पेवावरचा नाकतोडा

"थांबव. मागं घे," अबुजर म्हणाला. "तिथंच. त्याच कोपऱ्यात."

राजनंदिनीनं रिमोटचा खटका मागं ओढला. मैदानाच्या त्या टोकाला गेलेली छोटी गाडी मुरमावरून उलटी आली आणि तो आवाज पुन्हा झाला. एरवी ती खसखस करत धावायची. त्या एका जागी मात्र ढबढब वाजायची, रिकाम्या डब्यावर कुणी बोटं वाजवावीत तशी.

"मोटर ढिली झाली असंल," श्रीनाथ म्हणाला. पण ते त्याचं त्यालाच पटलं नव्हतं. मोटर ढिली असती तर सगळीकडं वाजली असती.

तिघंही निंबाळवाडीचे आणि एकाच वर्गातले. गाडीचं नाव नाकतोडा. अर्धी उन्हाळी सुट्टी या गाडीनं खाल्ली होती. पहिली गाडी त्यांनी लोखंडी पट्टीची केली, ती वळणावर म्हशीसारखी बसायची. मग श्रीनाथ कडब्याच्या गंजीतून ज्वारीचे वाळलेले धांडे घेऊन आला. धांडा सोलला की सालीच्या लवचीक चोया निघतात आणि आत पांढरं, कापसासारखं हलकं भेंड असतं. भेंडात चोया खोचून बैलगाड्या करणं गावातल्या पोरांना लहानपणापासून येतं. श्रीनाथनं गाडीचा सांगाडा तसाच केला, फक्त जिथं ताण येईल तिथं दोन-दोन चोया दोऱ्यानं आवळल्या. चाकं जुन्या स्लिपरच्या रबराची. मोटर, रिमोट आणि बॅटरी अबुजरची. सास्तूरला त्याच्या चाचांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं आणि तिथं मोडक्या खेळण्यांचं पोतं कायम पडलेलं असायचं. राजनंदिनी गाडी चालवायची, आणि नको ते काढून टाकायची. किराणा दुकानातल्या तराजूत एका पारड्यात नारळ ठेवायचा, दुसऱ्यात गाडी. ज्या दिवशी नारळाचं पारडं खाली गेलं, त्या दिवशी तिघांनी तो नारळ फोडून खाल्ला.

उद्या याच मैदानाचं उद्घाटन होतं. रिमोटच्या गाड्यांची शर्यत होती आणि लोहाऱ्याची पोरं विकतच्या गाड्या घेऊन येणार होती. म्हणून आज हा सराव.

मैदान जुन्या गावाच्या जागेवर होतं. त्र्याण्णवच्या भूकंपात जुनी निंबाळवाडी पडली, माणसं गाडली गेली आणि उरलेल्यांनी अलीकडं सरळ रस्त्यांचं नवं गाव वसवलं. जुन्या जागेवर कुणी फिरकेना. सप्टेंबर संपताना मोठी माणसं कडेच्या स्मारकाशी हात जोडायची आणि मागं न बघता घरी जायची. यंदा सरपंच आण्णासाहेबांनी बाहेरचा ठेकेदार आणला. त्यानं ढिगारे उचलले, मुरूम अंथरला. ते काम बघायला गावातलं एकही मोठं माणूस गेलं नाही. दुःख होतं म्हणे. दुःख झालं म्हणून डोळे मिटावेत, कुणाची हरकत नाही. पण मग त्याच जागेवर लेकरं नाचवायला नेऊ नयेत.

राजनंदिनी त्या कोपऱ्याकडं निघाली. अबुजरनं मागून तिचा दंड धरला.

"खाली बघ," तो म्हणाला.

नाकतोडा जिथून गेला होता तिथं मुरमात एक खळगा पडला होता, आणि त्यात मुरूम हळूहळू खाली ओघळत होता, चाळणीतून पीठ गळावं तसा. बघता बघता हातभर फट उघडी पडली. फटीच्या कडेला गंजका पत्रा दिसला. श्रीनाथनं लांबून एक खडा फटीत टाकला. तिघं कान देऊन उभे राहिले. खडा पडल्याचा आवाज यायला इतका वेळ लागला की श्रीनाथ दोन पावलं मागं सरला.

"आड हाय का रं?" त्यानं विचारलं.

"पेव हाय," राजनंदिनी म्हणाली.

आबांच्या तोंडून तिनं पेवाबद्दल ऐकलं होतं. उत्तरेश्वरआबा म्हणजे तिचे आजोबा. जुन्या गावात दारादारात जमिनीखाली पेव असायचं, वर अरुंद, आत रांजणासारखं फुगीर आणि माणूस बुडेल त्याहून कितीतरी खोल. वर्षभराची ज्वारी त्यात ओतायची आणि तोंडावर फरशी ठेवून माती लिंपायची. भूकंपानं या पेवाचं तोंड ढासळून चांगलं खोलीएवढं झालं असणार. ठेकेदाराच्या माणसांनी ते बघितलंही असणार, नाहीतर पत्रा कुठून आला? भरायला कष्ट पडले असते. पत्रा टाकला, लांबून मुरूम फेकला आणि झालं काम.

मग राजनंदिनीला आणखी एक गोष्ट दिसली. खळग्याच्या अगदी पुढं, मैदान आखायच्या फक्कीची पांढरी रेघ होती. लेझीम खेळणाऱ्या लेकरांची पहिली रांग तिथं उभी राहणार होती. पहिल्या रांगेत सगळ्यात लहान लेकरं, आणि त्यांत तिची पहिलीतली बहीण, शिवांजली. रंगीत तालीम आजच होती, ऊन उतरलं की.

तिघं धावत उद्घाटनाच्या मांडवात गेले. आण्णासाहेब फोनवर पाहुण्यांच्या फेट्यांचे रंग ठरवत होते. पोरांचं बोलणं त्यांनी अर्धंच ऐकलं. ग्रामसभेत आपण सगळ्यांना विचारलंय, आमचं पेव बुजलंय असं एकूण एक घरानं सांगितलंय, असं म्हणाले. अबुजरनं पत्र्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी ठेकेदाराला फोन लावला, हसून चार शब्द बोलले आणि फोन खिशात टाकला.

"जेसीबी गेलीय त्याच्यावरून. तुझी बहीण जेसीबीहून जड हाय का गं?"

मांडवाचे बांबू बांधणारे दोघं खो-खो हसले. आण्णासाहेबांनी पोरांना गाडी घेऊन घरी जायला सांगितलं, नाहीतर शर्यतीतून नाव काढीन म्हणाले. उठून चार पावलं चालून बघावं, एवढंही त्यांच्या मनात आलं नाही.

राजनंदिनी घरी पळाली. आबा ओसरीवर बसले होते.

"आबा, आपलं पेव कुणी बुजवलं?"

"बुजलंच असंल की माय. घर पडलं त्याच्यावर."

"तुमी बघितलं?"

"म्या तिकडं बघत न्हाय."

"कुणीच बघत न्हाय, आबा. सगळ्यांनी न बघताच व्हय म्हणून सांगितलं. आता शिवांजली तिथं नाचणार हाय."

आबांनी काठीकडं हात नेला आणि तो अर्ध्यातच थांबला. राजनंदिनीला थांबायला वेळ नव्हता. तिनं खुंटीवरची नायलॉनची लांब दोरी ओढली, मोडक्या बादलीची कडी उचलली आणि ती परत पळाली.

तोवर अबुजर आणि श्रीनाथनं मांडवातली फक्की आणून खळग्याभोवती लांबून मोठं रिंगण काढलं होतं. पण फक्कीला कोण भितं? पायानं पुसली की गेली. मोठ्यांना दाखवायचं तर पत्राच उघडा पडायला हवा होता, तोही कुणी वर पाय ठेवायच्या आत.

कडी वाकवून त्यांनी आकडा केला आणि दोरीला बांधला. आकडा पत्र्याच्या कडेत अडकला की लांबून ओढायचं. श्रीनाथनं नेम धरून फेकला. आकडा फटीवरून घसरला. दुसऱ्यांदा तो मुरमावर आदळला आणि जमिनीतून एक बारीक भेग निघून थेट श्रीनाथच्या पायाशी येऊन थांबली. तिघंही मागं मागं सरत गेले. आता फट इतक्या अंतरावर राहिली होती की आकडा फेकून काही उपयोग नव्हता.

नव्या गावाकडून हलगी ऐकू येऊ लागली. लेझमांचा छणछणाट तिच्यामागून. लेकरं निघाली होती.

श्रीनाथनं नाकतोडा उचलला. पुठ्ठ्याचं रंगीत टोपण काढलं, त्यावर तिघांनी आपली नावं लिहिली होती. पुढचा बंपर काढला. मग दोरी बांधलेला आकडा त्यानं गाडीच्या मागं शेपटीसारखा सैल अडकवला आणि दोरीचं दुसरं टोक अबुजरच्या हातात दिलं.

"परत येणार न्हाय ती," अबुजर म्हणाला.

"ठावं हाय," श्रीनाथ म्हणाला आणि गाडी खाली ठेवली.

राजनंदिनीनं खटका पुढं ढकलला. दोरीच्या वजनानं नाकतोड्याची चाकं जागीच फिरली, मुरूम उडाला, आणि गाडी अंग ओढत निघाली. खसखस, खसखस. मग ढब. ढबढब. राजनंदिनीचा अंगठा घामानं खटक्यावरून निसटत होता. पुढचं चाक भेगेत गेलं. तिनं मागं घेतलं, किंचित वळवलं, पुन्हा पुढं. खळग्यातला मुरूम आता जोरात गळत होता.

"कुणी ओढली ही रांगोळी?" आण्णासाहेब लेकरांच्या पुढं चालत थेट रिंगणाकडं येत होते. वाटेत आलेली फक्कीची रेघ त्यांनी चपलेनं पुसली. मागं हलगी थांबली, रांग थांबली, आणि त्या रांगेतून एक छोटी लेझीम छणछण करत सुटली. शिवांजलीला ताई दिसली होती. ती सरळ ताईकडं निघाली, आणि मधे तो कोपरा होता.

राजनंदिनी ओरडली, पण लेझमीच्या छणछणाटात ते शिवांजलीला ऐकूच गेलं नाही. रिमोट सोडला तर आकडा जागेवर जाणार नव्हता. रिमोट धरून ठेवला तर बहीण. तिनं फक्त श्रीनाथकडं बघितलं. श्रीनाथ वर्गात सगळ्यात जाड, पळण्याच्या शर्यतीत कायम शेवटी. तो रिंगणाच्या कडेकडेनं असा पळाला, जणू पुन्हा आयुष्यात पळायचंच नाही. शिवांजलीला त्यानं लेझमीसकट कवेत घेतलं आणि दोघं बाहेरच्या बाजूला लोळत गेले. शिवांजली रडायला लागली. ते रडणं राजनंदिनीला त्या क्षणी जगातलं सगळ्यात गोड वाटलं.

नाकतोडा फटीच्या कडेवर आला. तिनं गाडी गर्रकन वळवली. शेपटी फिरली, आकडा सुटून फटीत पडला.

"ओढ!"

अबुजरनं दोरी ओढली. पत्रा करकरला, पण हलेना. राजनंदिनीनं रिमोट टाकला आणि तीही दोरीला लागली. तरी नाही. आण्णासाहेब रिंगणाच्या आत एक पाय टाकून काहीतरी ओरडत होते. तेवढ्यात मागून दोन सुकलेले हात दोरीला लागले. राजनंदिनीनं मान वळवली नाही. त्या हातांचा तंबाखूचा वास तिच्या ओळखीचा होता.

"दम धरा," आबा म्हणाले. "आता एकदम."

पत्रा फाटला. आधी काहीच झालं नाही. मग कोपऱ्यातली जमीन पोट खपाटीला जावं तशी आत गेली आणि खालून धडधडत आवाज आला. मुरूम, पत्रा, फक्कीची पांढरी रेघ, नाकतोडा, सगळं गिळलं गेलं. आण्णासाहेब मागच्या मागं पडले. त्यांची एक चप्पल खड्ड्यात गेली.

धूळ खाली बसली. मग मांडवातल्या एकानं खड्ड्यात डोकावायला पाऊल टाकलं.

"माघारी फिर," आबा गरजले. "पेवात वाईट हवा असती. वाकशील तर तिथंच राहशील."

त्यांनी कंदील मागवला, पेटवला आणि लांब बांबूला बांधून खड्ड्यात सोडला. तोंडापासून थोडा खाली गेला आणि ज्योत विझली. ते बघून मांडवातली हसणारी माणसं चार पावलं मागं सरली.

आण्णासाहेब उठले. एका पायात चप्पल, कपडे धुळीनं माखलेले. त्यांनी माईक मागवला आणि गावाची हुशार लेकरं, गावाचं भूषण, असं बोलायला सुरुवात केली. राजनंदिनीनं त्यांचं बोलणं मधेच तोडलं.

"सत्कार नको आण्णासाहेब. बाकीची पेवं कुठं हायत ते सांगा."

आण्णासाहेबांना ते ठाऊक नव्हतं. ठेकेदाराचा फोन बंद लागत होता. जमलेली मोठी माणसं एकमेकांकडं बघू लागली. ज्यांनी ज्यांनी सभेत मान हलवली होती, ती सगळी.

आबांनी काठी उचलली. मैदानाच्या कडेनं, जिथं एकेकाळी गल्ली होती तिथून, ते सावकाश चालू लागले. काठी पुढं टेकायची, मगच पाऊल टाकायचं. एका जागी थांबले. "हे आमचं दार," असं म्हणाले आणि काठीनं उंबऱ्याची रेघ ओढली. मग हातानं दाखवलं, "जे पडलं ते आमचं पेव. त्याच्या शेजारी शंभुलिंगचं. पुढं धुरपदाबाईचं." अबुजर मागून फक्कीची रिंगणं काढत गेला. थोड्या वेळानं अबुजरची दादी, ताहेराबी, पदर तोंडाला लावून आली आणि आपलं दार दाखवून गेली. मग आणखी म्हातारी माणसं आली. इतकी वर्षं ज्या जागेकडं कुणी बघत नव्हतं, तिथं संध्याकाळी पुऱ्या गल्लीचा नकाशा उमटला.

उद्घाटन पुढं गेलं. प्रत्येक पेव उघडून दगड-मुरमानं भरायला लागलं. यावेळी गाव मैदानाच्या कडेला उभं राहून बघत होतं. आण्णासाहेब रोज यायचे, उन्हात उभे राहायचे, आणि एका संध्याकाळी राजनंदिनीला म्हणाले, "मी तवाच उठायला पाहिजे होतं, पोरी." तिनं मान हलवली. व्हय, उठायला पाहिजे होतं. ती खोटं कशाला बोलेल?

दुसरा नाकतोडा तयार झाला. त्याचे धांडे आबांनी सोलले. त्यांची चोय श्रीनाथपेक्षा बारीक निघायची, आणि श्रीनाथनं ते कबूल केलं, थोडं कुरकुरत.

उद्घाटनाच्या दिवशी पाहुणे आले, हलगी आली, लेकरं रांगेत उभी राहिली. पण मैदानात कुणी पाय ठेवेना. आण्णासाहेबांनी पाहुण्यांनाही कडेला थांबवलं आणि राजनंदिनीकडं बघून मानेनं खूण केली.

तिनं खटका पुढं ढकलला. सगळं गाव कान देऊन उभं होतं. नाकतोडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला, वळला, परत आला, पुन्हा गेला. रांगेवर रांग. खसखस, खसखस, खसखस. कोपऱ्यातही तसाच.

रांगेच्या टोकाला ताईजवळ उभ्या शिवांजलीचा हात राजनंदिनीनं सोडला.

"जा आता," ती म्हणाली. "जोरात नाच."