दहा मेला ठीक दोन वाजता

ज्वालामुखीच्या डोंगरानं रात्रभर राख उडवली होती आणि सकाळी अख्खं पुएब्ला शहर झाडू घेऊन उंबऱ्यावर उभं होतं. मारीक्रूसही होती. राखेवर पाणी मारायचं नसतं, चिखल होऊन गटारं तुंबतात. ती कोरडीच, हळूहळू, चुचकारत लोटायची असते. पण मारीक्रूसला हळूहळू काही जमत असतं तर ही गोष्ट घडलीच नसती! तिनं असा काही झाडू मारला की राखेचा ढग उठला आणि नेमका समोरून चाललेल्या माणसाच्या अंगावर जाऊन बसला.

ढग निवळला. माणूस होता तिथंच उभा होता. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, मिशीसुद्धा पांढरी.

"अगं बाई! माफ करा हं... मी पाहिलंच नाही तुम्हाला."

"असू दे," तो डोळे मिचकावत म्हणाला. "म्हातारपणी कसा दिसेन ते एकदा बघायचंच होतं. कसा दिसतोय?"

"बरे दिसताय," मारीक्रूसनं ओठ दाबून हसू आवरलं. "पेन्शन मिळायला हरकत नाही."

तो हसला, आणि त्या पांढऱ्याफटक चेहऱ्यात दोन काळेभोर डोळे असे काही चमकले, की तिनं उगाचच झाडू या हातातून त्या हातात घेतला. पण त्याची नजर तोवर तिच्या खांद्यावरून आत गेली होती. आत ऑफिसच्या भिंतीवर एक जुनं लंबकाचं घड्याळ होतं. चार वाजून दहा मिनिटांवर थांबलेलं.

"ते कधीपासून बंद आहे?"

"सहा वर्षं झाली असतील."

"सहा वर्षं!" तो असं म्हणाला, जणू घरात कुणी आजारी आहे आणि डॉक्टर बोलवायचं कुणाला सुचलंच नाही. "आत येऊ का?"

त्याचं नाव एफ्राईन. साकात्लानचा. वर डोंगरातलं ते गाव घड्याळांचंच. एफ्राईन चर्चच्या आणि नगरपालिकांच्या मनोऱ्यांवरची मोठी घड्याळं दुरुस्त करायचा. राख चक्रांत शिरली की घड्याळं अडून बसतात, म्हणून पलीकडच्या चर्चनं त्याला बोलावून घेतलं होतं. आणि मारीक्रूसचं ऑफिस होतं प्रवासाचं. बसची तिकिटं, खोल्या, सगळं आखून द्यायचं. मालकीण चेलाबाई. वय साठ, काम कॉफी पिणं, आणि कान दोन्ही भिंतींपलीकडचं ऐकणारे.

"मला मे महिन्यात चार शहरं करायचीत," एफ्राईननं रुमालानं तोंड पुसत सांगितलं. राख गेल्यावर तो तिशीचा निघाला. "केरेतारो, ग्वानाह्वातो, साकातेकास, ओआहाका. पाऊस जोर धरायच्या आत तेल-पाणी व्हायला हवं. वडील होते तेव्हा सगळं त्यांच्या डोक्यात असायचं, मी नुसती पेटी उचलायचो. नोव्हेंबरात ते गेले, आणि बेत पण बरोबर घेऊन गेले."

"देईन ना आखून," मारीक्रूस म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मऊ निघाला. "मंगळवारी या. अकराला."

आता आमच्याकडे अकरा म्हणजे साडेअकरा, फार घाई असली तर सव्वाअकरा. हा पठ्ठ्या अकराचा पहिला टोला चर्चवर पडताना दारात हजर!

"अहो, इतक्या वेळेवर कुणी येतं का?" मारीक्रूसच्या तोंडात अजून न्याहारीचा घास होता.

"धंदाच तसला आहे," तो म्हणाला. "मी उशिरा आलो तर लोक घड्याळावर विश्वास कसा ठेवतील?"

त्या दिवशी बेत पक्का व्हायला हवा होता. झाला नाही. केरेतारोच्या खोलीची तारीखच मारीक्रूसकडून चुकली. पुढच्या खेपेला ग्वानाह्वातोची बस भलत्याच वेळेची निघाली. सात वर्षांत जिनं एक तिकीट चुकवलं नव्हतं, तिच्या हातून एकामागून एक अशा चुका होत होत्या की विचारू नका. आणि एफ्राईन? तो मंगळवारी यायचा, शुक्रवारी यायचा, मधेच "सहज इकडून चाललो होतो" म्हणूनही यायचा. भिंतीवरचं घड्याळ त्यानं उघडलं होतं. दर वेळी त्यातलं एकच चक्र रुमालात बांधून न्यायचा आणि पुढच्या वेळी घासून आणायचा.

"एकदम सगळी नाही नेता येत?" तिनं एकदा विचारलं.

"नाजूक असतात. घाई केली की बिघडतात," तो खाली मान घालून म्हणाला. कान मात्र लाल झाले होते.

चेलाबाई कॉफीच्या कपाआडून खोकल्या. "माझं घड्याळ नीट होईपर्यंत मी जिवंत असेन ना रे बाबा?"

असे दिवस चालले होते. रस्त्यावर आंब्याच्या गाड्या लागल्या होत्या. तो येताना तिखट लावलेल्या आंब्याच्या फोडी आणायचा आणि दोघं प्रवासाच्या यादीवर वाकून त्या खायचे. बोटांना बोटं लागायची... कुणीच सॉरी म्हणायचं नाही. मारीक्रूसला तो आवडला होता. झालं, लपवायचं काय त्यात! तो निघून गेला की टेबलावरची राख तिला पुसवत नसे, कारण तिथं त्याच्या कोपराचा ठसा असायचा.

मग एका शुक्रवारी यादीतली एक ओळ तिला खटकली. ती त्यानंच लिहून दिली होती. दहा मे, ग्वानाह्वातो ते साकातेकास, दिवसभर बस.

"दहा मे?" ती जवळजवळ ओरडलीच. "दहा मेला, मातृदिनाला, कुणी बसमध्ये बसतं का? तुमच्या आईला कळलं तर तंगडं तोडेल तुमचं!"

तो हातातलं चक्र रुमालानं पुसत राहिला. ते स्वच्छच होतं.

"आई नाहीये," तो म्हणाला. "मी अकरा वर्षांचा होतो, तेव्हा गेली. दुसऱ्या वर्षीपासून वडील या दिवसाची लांबातली लांब बस धरायचे. पहाटे बसायचं, अंधार पडल्यावर उतरायचं. बस रिकामी असते त्या दिवशी. गाणी नाहीत, फुलवाले नाहीत, लेकरांना घेऊन मिरवणाऱ्या बाया नाहीत... म्हणायचे, हा दिवस नुसता पार करायचा. खिडकी मला द्यायचे."

"तुम्ही... तिच्या कबरीवर नाही गेलात कधी? या दिवशी?"

"एकदाही नाही."

"आणि या वर्षी?"

"या वर्षी एकच तिकीट लागेल," एफ्राईन म्हणाला आणि हसायचा प्रयत्न केला. तो इतका वाईट जमला की मारीक्रूसनं नजर यादीकडे वळवली.

तो गेल्यावर ती यादीकडे बघत बसून राहिली. तो एकटा माणूस, रिकाम्या बसच्या खिडकीशी, दिवसभर. तिला ते सहनच होईना.

"काय चाललंय तुझ्या डोक्यात ते कळतंय मला," चेलाबाईंनी कप खाली ठेवला. "दहा मेला पोरगा घरी नेणं म्हणजे काय ते ठाऊक आहे ना? की पुन्हा मी सांगू?"

ठाऊक होतं. आमच्याकडे एरवी तुम्ही कुणालाही जेवायला न्या, कुणी ढुंकून बघत नाही. पण दहा मेला आईच्या पंगतीला आणलेला मुलगा म्हणजे ठरलंच! चार वर्षांपूर्वी तिनं ओक्ताव्हियोला नेलं होतं. मावश्यांनी त्याला तीनदा वाढलं, लग्नात अंगठ्या कोण देणार, केक कोण देणार, इथवर वाटण्या झाल्या. आणि ऑगस्टमध्ये तो समुद्रकाठच्या हॉटेलात नोकरी धरून जो गेला तो गेलाच. मागे आला तो फोनवर चार ओळींचा निरोप. त्यानंतर दर दहा मेला मावश्या गालावर हात फिरवून विचारतात, "या वर्षी पण एकटीच का गं?" पुन्हा एकदा कुणाला नेलं आणि तो फिरकलाच नाही, तर मारीक्रूसला त्या घरात मान वर करायची सोय राहणार नव्हती.

तरी तिनं रविवारी बसून सगळा बेत उलटापालटा केला.

मंगळवारी अकराला तिनं कागद त्याच्यापुढे सरकवला. या वेळी एकही चूक नव्हती. ग्वानाह्वातोनंतर साकातेकास नव्हतं. ते शेवटी टाकलं होतं. दहा मेला पहाटे निघून एक वाजता पुएब्ला, आणि ओआहाकाची बस संध्याकाळी सातला.

एफ्राईननं दोनदा वाचलं. "मधे सहा तास आहेत. पुएब्लात. मी काय करायचं सहा तास?"

"जेवायचं," मारीक्रूस म्हणाली. छाती इतकी धडधडत होती की भिंतीवरच्या घड्याळाची गरजच नव्हती. "आमच्याकडे. दोन वाजता. पत्ता मागे लिहिलाय."

त्यानं कागद उलटून पाहिला. मग त्याची नीट घडी घातली.

"दहा मेला मी कुणाच्या घरी जात नाही, मारीक्रूस."

पहिल्यांदाच त्यानं तिला नावानं हाक मारली होती, आणि ती अशी!

"मी सांगायचं ते सांगितलं," ती कशीबशी म्हणाली. "सातची बस आहेच."

तो तिकिटं घेऊन गेला. शेवटचं चक्रही रुमालात तसंच घेऊन गेला. भिंतीवरचं घड्याळ तसंच बंद राहिलं. पुढे दहा-बारा दिवस फोन नाही, निरोप नाही. चेलाबाईंनीही थट्टा केली नाही. त्यावरून काय ते समजा.

दहा मेला उजाडता उजाडता मारीक्रूस आणि तिच्या भावानं आईच्या खिडकीखाली गाणं म्हटलं. आई नेहमीसारखी रडली, नेहमीसारखी "किती बेसूर रे!" म्हणाली आणि स्वयंपाकघरात शिरली. तीन दिवस खपून केलेला मोलेचा दाट काळा रस्सा मोठ्या पातेल्यात रटरटत होता.

"आई... एक जण येईल. कदाचित."

"कोण?"

"घड्याळवाला."

"कदाचित म्हणजे?"

"म्हणजे कदाचित."

आईनं तिच्याकडे एकवार नीट पाहिलं. मग फडताळातून एक ताट जास्त काढलं. मारीक्रूसनं ते पुसून बाकीच्या ताटांवर ठेवलं. ते रिकामं राहिलं तर मावश्या काहीच बोलणार नव्हत्या, आणि तेच सगळ्यात वाईट होतं.

आता दोनचं आमंत्रण म्हणजे मंडळी साडेतीनला जमणार, हे आमच्याकडे तान्ह्या पोरालासुद्धा कळतं. त्यामुळे दोन वाजता आईच्या डोक्यात अकरा रोलर होते, खुर्च्या टेबलावर उलट्या चढवल्या होत्या, फरशी ओली होती आणि मारीक्रूस नहाणीतून केसांना टॉवेल गुंडाळून नुकतीच बाहेर पडली होती. चर्चवर दोनचे टोले पडले, आणि दुसऱ्या टोल्याबरोबर दारावरची घंटा वाजली.

"कोण कडमडलं आत्ता?" आई आतून किंचाळली. "माझे केस!"

मारीक्रूस मात्र जागच्या जागी थिजली. कारण या शहरात दोनला दोन वाजता येणारा माणूस एकच होता.

तिनं तशीच धावत जाऊन दार उघडलं. एफ्राईन उभा होता. एका हातात पेटी, दुसऱ्या हातात फुलांचे दोन गुच्छ, आणि चेहरा असा की आता पळतो की मग पळतो.

"दोनला आलात?" तिच्या केसांतून पाणी गळत होतं. डोळ्यांतूनही बहुतेक. "दोन म्हणजे साडेतीन असतात... ठाऊक नाही का?"

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "सव्वा एकपासून कोपऱ्यावर उभा आहे. साडेतीनपर्यंत थांबलो असतो ना, तर नक्की पळून गेलो असतो."

ती हसली. मग त्याला धीर आला. पेटी खाली ठेवून, खिशातून रुमालात बांधलेलं चक्र काढून त्यानं तिच्या तळहातावर ठेवलं.

"ऑफिसचं घड्याळ पहिल्याच दिवशी दहा मिनिटांत चालू झालं असतं."

"माहीत होतं मला. माझ्या यादीतल्या चुका...?"

"मला पण माहीत होतं." त्यानं एक श्वास घेतला. "मारीक्रूस, मला तू आवडतेस. बसमध्ये बसून दिवस पार करायचा मला कंटाळा आलाय. मला तो तुझ्याबरोबर काढायचाय."

"मलाही," ती म्हणाली. एवढंच. पण तिनं त्याची बाही इतकी घट्ट धरली होती की आणखी काही म्हणायची गरजच नव्हती.

मागे पावलं वाजली. आई. डोक्यात अकराच्या अकरा रोलर, हातात डाव. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तू का तो कदाचितवाला?"

"हो, काकू." त्यानं एक गुच्छ पुढे केला. "हा तुमच्यासाठी."

आईनं तो घेतला, वास घेतला, आणि दुसऱ्या गुच्छाकडे बोट दाखवलं. "आणि तो?"

एफ्राईननं त्या फुलांकडे पाहिलं. "तो माझ्या आईचा. उद्या सकाळी सातला साकात्लानची बस आहे. मी दोन तिकिटं काढलीत. पहिल्यांदाच स्वतः काढली." तो मारीक्रूसकडे वळला. "येशील? खिडकी तुला."

"आणि ओआहाकाचं घड्याळ?" तिनं पुटपुटत विचारलं.

"एक दिवस थांबेल."

"पण उद्या अकरा तारीख. आईचा दिवस तर आज..."

"एक दिवस उशीर होईल," तो म्हणाला. "तसा एकोणीस वर्षं उशीर झालाच आहे. एवढं ती समजून घेईल."

आतून मोलेचा वास येत होता. मग आईनं त्याच्या हातातून दुसरा गुच्छही काढून घेतला, नाक ओढत नहाणीत गेली, बादलीत गार पाणी भरलं आणि तो अलगद त्यात उभा केला.

"सकाळपर्यंत टिकतील," ती तिथूनच म्हणाली. "मारीक्रूस, साडेपाचचा गजर लाव. आणि तू रे, नुसता उभा काय राहिलास? त्या खुर्च्या उतरव. ताट काढलंय तुझं."