बर्फाला पत्ता लागत नाही

"माझं विमान उतरतं ना, तेव्हा बर्फाला पत्ता लागत नाही," हॅगबर्ग म्हणाला.

आम्ही लांडगेतळ्याच्या वर घिरट्या घालत होतो. खाली शिकारीच्या झोपडीत माझी अगाफिया मावशी पोट धरून पडली होती. तिच्या नवऱ्यानं, झाखार काकानं, सकाळी रेडिओवर कळवलं, तेव्हा गावच्या नर्सनं ऐकताक्षणी सांगितलं, अपेंडिक्स आहे, आजच्या आज शहरातल्या इस्पितळात पोचली पाहिजे. वर बजावलं, दुखायचं एकदम थांबलं तर खूश होऊ नका, आत फुटलं असं समजा. पश्चिमेकडून वादळ येत होतं. अख्ख्या गावात स्की लावलेलं विमान एकच. म्हणून हॅगबर्ग.

त्या दिवशी आभाळ पांढरं, तळं पांढरं, सावली कुठेच नाही. अशा उजेडात जमीन किती खाली आहे ते डोळ्यांना कळत नाही. म्हणून आमच्याकडे विमानात स्प्रूस झाडाच्या हिरव्या फांद्या घेतात. वरून टाकायच्या, हिरवं दिसलं की अंदाज येतो. उतरल्यावर त्याच स्कीखाली सारायच्या, म्हणजे स्की गोठून चिकटत नाहीत. मी निघताना मोठा भारा बांधला होता. हॅगबर्गनं तो गावातच उतरवून ठेवला. फांद्या नवशिक्यांना लागतात, असं त्याचं म्हणणं.

"अजून बरंच खाली जायचंय," तो म्हणाला.

धाड!

बर्फाला पत्ता लागला. नव्हता लागला तो हॅगबर्गला. विमान उडालं, पुन्हा आपटलं, डाव्या अंगावर कलून फरफटत गेलं आणि थांबलं. डावी स्की आत वळली होती. त्यात भुसभुशीत बर्फाखाली पाणी साचलेलं. दोन्ही स्की त्या गिच्च लगद्यात रुतल्या, आणि लगदा वारा लागताच गोठायला लागला.

"वाकडी झालीय," मी म्हणालो.

"किंचित."

"फांद्या असत्या तर..."

"फांद्यांचं नाव काढू नकोस."

काका कुत्र्यांच्या घसरगाडीवरून मावशीला घेऊन आला. आल्या आल्या तळ्याच्या उजव्या टोकाकडे बोट दाखवून म्हणाला, नशीब तिकडे नाही उतरलात, तिथे झरा आहे, बर्फ पापुद्र्याएवढा. मावशीचा चेहरा राखेसारखा झाला होता. जीभ मात्र ठणठणीत होती.

"येफ्या, हाच का तो, बर्फाला न कळता उतरणारा?" ती माझ्याकडे बघून कण्हत म्हणाली. "मला आत झोपल्या झोपल्या कळलं. कुत्री अजून भुंकतायत."

तिला मागच्या सीटवर बसवेपर्यंत स्की सिमेंटात बसवल्यासारख्या घट्ट झाल्या. थंडीनं बॅटरीही मेली. हॅगबर्गनं बेत सांगितला: तो पुढचा पंखा हातानं फिरवून इंजिन चालू करणार, काका आणि मी विमानाची शेपटी हलवून स्की मोकळ्या करणार. मी विचारलं, इंजिन लागलं आणि स्की त्याच वेळी सुटल्या, तर पुढच्या सीटवर कोण आहे? स्कीला ब्रेक नसतात.

"चिकटलेली स्की हाच ब्रेक," हॅगबर्ग म्हणाला. "मी बसल्याशिवाय हे हलायचं नाही."

त्यानं पंखा फिरवला. काही नाही. पुन्हा फिरवला. आम्ही शेपटी गदागदा हलवत होतो. इंजिन एकदा खोकलं आणि एकदम डरकाळी फोडून सुरू झालं, कारण वेगाचा दांडा हा गडी पूर्ण पुढे ठेवून आला होता. त्याच क्षणी कडकन आवाज झाला. स्की सुटल्या!

हॅगबर्गनं बाजूला सूर मारला. विमान निघालं. आत फक्त मावशी!

सरळ गेलं असतं तर पलीकडच्या झाडांत घुसलं असतं. पण डावी स्की वाकडी, त्यामुळे ते गोल फिरायला लागलं, आणि आम्ही तिघं मधोमध.

"बघ, वाकडी होती ते बरंच झालं," हॅगबर्ग म्हणाला. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पहिल्या फेरीला काचेत मावशीचा चेहरा दिसला. तोंड हलत होतं. हॅगबर्गनं दांडा मागे ओढ म्हणून हाताचे आडवेतिडवे हावभाव केले. दुसऱ्या फेरीला मावशीनं मूठ दाखवली. तिसऱ्या फेरीला काच रिकामी होती.

काका मटकन गुडघ्यांवर बसला आणि छातीवर क्रूसाची खूण करायला लागला.

मी धावलो. लगद्यात पाय रुतत होते. पुढचा फिरता पंखा अंगावर आला. मी वाकलो. तो गेला. मागोमाग विमानाच्या पंखाखालची दांडी हाताला लागली. लोंबकळलो, फरफटलो, दार उघडलं, आत पडलो आणि दांडा मागे खेचला. विमान संथ झालं. मावशी सीटवर दुमडून बसली होती. तिनं मान वर केली आणि हसली.

"येफ्या, बरं वाटतंय रे. दुखायचं एकदम थांबलं बघ."

नर्सचं बजावणं आठवून मी दारातून हॅगबर्गला हाक मारली.

"थांबवू नकोस, पुन्हा चिकटेल!" बाहेरून हॅगबर्ग ओरडत होता. विमान रांगत राहिलं, तो धावला, पडला, पुन्हा धावला आणि डोकं पुढे करून आत घुसला. एक बूट लगद्यात राहिला. मी मागे सरकलो. त्यानं पूर्ण वेग दिला. तळं संपत आलं तरी नाक उचलेना. झाडं समोर! त्यानं वेग कमी करून कसंबसं विमान वळवलं. बर्फ पडायला लागला होता.

"तिघांना घेऊन उठत नाही," तो म्हणाला. एवढा बारीक आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता.

मावशीनं माझी बाही धरली होती. "कुठे चाललास?"

"काकाकडे. त्याला चहासुद्धा करता येत नाही."

तिनं बाही सोडली. मी चालत्या विमानातून उडी मारली.

विमान उठलं. स्की झाडांच्या शेंड्यांना घासून गेली, शेंड्यांवरचा बर्फ धपकन खाली पडला, आणि मग समोर नुसतं पांढरं. आवाजसुद्धा त्या पांढऱ्यात बुडाला.

वादळभर रेडिओ नुसता खरखरत राहिला. चहा काकानंच केला. फार वाईट होता, तरी आम्ही दोघांनी प्यायला. वादळ ओसरल्यावर नर्सचा आवाज आला: अपेंडिक्स फुटलं होतं, ऑपरेशन झालं, मावशी वाचली. शुद्धीवर आल्यावर तिनं पहिलं विचारलं, विमान शेवटी कुणी चालवलं. काका झोपडीबाहेर जाऊन बराच वेळ कुत्र्यांशी बोलत बसला.

पुढे हवा स्वच्छ झाल्यावर हॅगबर्ग मला न्यायला आला. लख्ख ऊन, ठळक सावल्या. विमानात एवढ्या फांद्या कोंबल्या होत्या की त्यातून त्याचं नाकच दिसत होतं. काकानं झऱ्याच्या बाजूला दोन्ही हात करून नको नको केलं. हॅगबर्गला वाटलं, इथे ये म्हणतोय. तो तिथे उतरला. इतका अलगद, की खरंच बर्फाला पत्ता लागला नसेल. त्याच्या एका पायात स्वतःचा बूट होता, दुसऱ्यात उसना. मी त्याचा लगद्यातून उकरून ठेवलेला बूट काठावरून फेकला, तो त्यानं घातला आणि फांद्या एकेक करून स्कीखाली नीट लावायला बसला.

शेवटची फांदी सरळ करत असताना बर्फ तुटला. विमान पंखांपर्यंत पाण्यात गेलं. फांद्या तरंगल्या, त्यांना धरून राहिलेल्या हॅगबर्गला आम्ही बाहेर ओढलं. या वेळी दुसरा बूट राहिला.