टाचेचे फोटो

बाबा गेल्यावर तीन महिन्यांनी ताईचा फोन आला. "बाबांचे सगळे फोटो मला हवेत गं. आठवण म्हणून." बाबा सव्वा वर्ष अंथरुणाला खिळून होते, तेव्हा ती एकदाही फिरकली नव्हती. म्हटलं, सगळे म्हणजे सगळेच देते.

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिसतं काय आणि दिसल्यासारखं वाटतं काय, हे वेगळं करणं हेच माझं रोजचं काम.

बाबांच्या डाव्या टाचेला झोपून झोपून जखम झाली होती. डॉक्टरांना पाठवायला मी रोज सकाळी, कामावर निघण्याआधी, पायाखाली उशी सरकवून तिचा फोटो काढायची. असे चारशे बारा फोटो. शेवटच्या काही फोटोंत हाड दिसतं.

रविवारी दुपारी लॅपटॉपला नवी हार्ड डिस्क जोडली आणि पहिला तोच फोल्डर कॉपीला लावला. बघू दे तिलाही.

कॉपी झाल्यावर डिस्कवरचा एक फोटो उघडून पाहिला. टाचेखाली उशी नव्हती. एका हाताने पाय अलगद उचलून धरला होता. त्या हाताची करंगळी वाकडी होती. लहानपणी दारात चेमटलेली, ताईची करंगळी.

लॅपटॉपवरचा मूळ फोटो उघडला. त्यात उशीच होती.

डोक्यात तिडीक गेली. मी राब राब राबले आणि ही इथेही आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला हजर. या लॅपटॉपला माझ्याशिवाय कुणाचा हात लागत नाही. डिस्कवरचं सगळं पुसलं, पुन्हा कॉपी केलं.

आता तो हात कोपरापर्यंत दिसत होता.

मी एकेक फोटो पुढे सरकवत गेले. जखम भरत चालली होती. कडा गुलाबी झाल्या, मग खपली धरली. बाबा गेले त्या तारखेच्या फोटोत खपलीही पडलेली होती.

आणि फोटो तिथे संपत नव्हते.

डिस्कवर पाचशे तीन फोटो होते. शेवटच्यावर आजची तारीख. त्यात बाबांची दोन्ही पावलं फरशीवर टेकलेली, चपला घातलेली. फरशी आमच्या घरातली नव्हती.

मी ताईला फोन लावला.

"एक दिवस तरी आलीस का गं? एकदा तरी त्यांचा पाय हातात धरलास? मी एकटीने काढलं सगळं. एकटीने. तू कोण लागून गेलीस?"

तिच्यामागे एक खाट करकरली. कुणीतरी कूस बदलली.

"हळू बोल," ताई कुजबुजली. "आत्ताच डोळा लागलाय त्यांचा. तुझा आवाज ऐकला की घाबरतात."